सहा खणांची लाली : गुण, दोष आणि एक शंका

आपल्या व्यापारी संघाच्या स्मरणिकेत कापड, रंग-रसायने, वाहतूक, करआकारणी अशा विषयांवर लेख यावेत, हा परिपाठच आहे. त्या पंगतीत गालांना लावावयाच्या लालीवरील लेख पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु मुंबई-अहमदाबाद महामार्ग सुरत-बारडोली रस्त्यास जेथे छेदतो, त्या आपल्या कडोदरा चार रस्त्यावरून कोणत्याही दिशेने दोनशे पावले चालून पाहावे. डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत आणि मागांवर काम करणारी खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कुटुंबे ज्या कटलरीच्या दुकानांतून बांगड्या, टिकल्या, रिबिनी घेतात, त्याच दुकानांत दर्शनी भागी आता एक चपटा चकचकीत डबा टांगलेला दिसतो. झाकणाच्या आत आरसा, खाली चार, सहा, क्वचित बारा खण, आणि प्रत्येक खणात गुलाबी, नारिंगी, विटकरी, जांभळट अशी निरनिराळी लाली. मुली त्यास ‘ब्लश पॅलेट’ म्हणतात. आमच्या पिढीत हीच वस्तू एकरंगी असे आणि तिला ‘रूज’ म्हणत. तीही नाटक कंपनीच्या पेटीतच प्रामुख्याने पाहावयास मिळे.

आपल्या सभासदांचा मुख्य व्यवसाय कापडाचा असला, तरी अनेकांच्या सुना आणि मुले आता कटलरीचा किंवा घरबसल्या ऑनलाइन विक्रीचा जोडधंदा करीत आहेत. आमच्या घरीही असे एक लहान दुकान आहे. तेव्हा ही वस्तू आपल्या गल्ल्याशीही निगडित आहे आणि आपल्या घरच्या आरशाशीही. दोन्ही अंगांनी तिचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत, कारण ते खरोखरच आहेत. ज्या गावात दररोज हजारो साड्या रंगून निघतात, तेथील स्त्रीस एकच गुलाबी रंग सर्व साड्यांवर चालेल असे सांगणे म्हणजे कापडाच्या व्यापाऱ्यास एकच शेड कार्ड देऊन वर्षभर धंदा कर म्हणण्यासारखे आहे. केशरी किंवा राणी रंगाच्या साडीवर जी लाली शोभते, ती मोरपंखी साडीवर उपरी वाटते. सहा खणांच्या डब्यात दोन रंग बोटावर एकत्र करून तिसरा करता येतो. सकाळी मंदिराच्या कार्यक्रमास फिकी आणि सायंकाळी स्वागत समारंभास गडद, अशी सोय एकाच डब्यात होते. प्रवासास एकच डबा न्यावा लागतो. वधूचा शृंगार करणाऱ्या भगिनींना तर ही मोठीच सवड आहे, कारण त्यांच्यासमोर एका दिवसात तीन वर्णांच्या तीन मुली बसतात. ग्रॅमचा हिशेब केला तर सहा सुट्या डब्या घेण्यापेक्षा एक एकत्र डबा बहुधा स्वस्त पडतो. दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले तर सहा नगांऐवजी एक नग, एक छापील किंमत, एक नोंद; आणि लग्नसराईत, रक्षाबंधनात, भाऊबीजेस भेट म्हणून देण्यास देखणी वस्तू. असा माल फडताळावर शोभतो.

दोषांचा अनुभव मात्र माल विकल्यानंतर येतो. सहा खणांपैकी नेहमीच्या वापरातील खण दोनच असतात. ते तळापर्यंत खरवडले जातात आणि उरलेले चार तसेच कोरे राहतात. मग त्या दोन रंगांसाठी पुन्हा सहांची किंमत मोजावयाची. विशेषतः परदेशातील गोऱ्या कातडीकरिता जुळविलेल्या डब्यांत फिके गुलाबी रंग अधिक असतात. त्यांत टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या द्रव्याचे प्रमाण जास्त असल्याने आपल्या गव्हाळ व सावळ्या वर्णावर ते लालीऐवजी राखेचा हात फिरविल्यासारखे दिसतात. आपल्याकडे विटकरी, पोवळ्याचा, जांभळाचा असे रंग उठून दिसतात. सहांपैकी असे किती आहेत, हे मोजूनच मालाची मागणी नोंदवावी.

येथे कडोदऱ्याच्या रंगाऱ्यांपासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गिरणीत लॅब डिप मंजूर करताना तो केवळ ट्यूबलाइटखाली पाहत नाहीत. प्रमाणित प्रकाशाच्या पेटीत वेगवेगळे दिवे लावून पाहतात. एका प्रकाशात जुळलेल्या दोन छटा दुसऱ्या प्रकाशात फाटून दिसतात, हे प्रत्येक डाइंग मास्तर जाणतो. हाच नियम गालासही लागू आहे. दुकानातील पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली निवडलेली लाली घरी अंगणात आल्यावर भडक ठरते आणि दोष दुकानदाराच्या माथी येतो. आम्ही तर गिऱ्हाईकास नमुन्याचा रंग मनगटावर लावून ओट्यावर, उन्हात पाहण्यास सांगतो. विक्री थोडी लांबते, पण परत येणारा माल कमी झाला.

फुटणे हा आणखी एक दोष. दाबून बसविलेली पूड एका धक्क्याने तडकते. सुट्या डबीत ती एकटीच खराब होते. परंतु एकत्र डब्यात एका खणाची भुकटी पाचही खणांवर पसरते आणि संपूर्ण डबा बाद होतो. वाहतुकीत आदळआपट झालेल्या खोक्यांतून असे डबे निघतातच, आणि पुरवठादार परत घेण्याबाबत काय म्हणतात ते आपण सर्व जाणतोच. काही डब्यांत पुडीचे खण व मलमाचे खण शेजारी शेजारी असतात. मलमाचा खण उघडल्यापासून पुडीच्या आधी बिघडतो. डब्याच्या पाठीवर उघड्या झाकणाच्या लहान चित्रात जो ६, १२ किंवा २४ असा आकडा असतो, तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा होय. एकच डबा आणि दोन आयुष्ये, अशी ही गंमत आहे. पुन्हा, गालाची लाली पापण्यांवरही लावण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यात सावधगिरी हवी. गालास चालणारा प्रत्येक लाल रंग डोळ्यांच्या जागेस चालतोच असे नाही, आणि पुष्कळ डब्यांवर तशी सूचना बारीक अक्षरांत असते.

इतपत सर्व सामान्य व्यापाराची गोष्ट झाली, आणि तेवढेच असते तर आम्ही स्मरणिकेची पाने अडविली नसती. ज्या प्रसंगाने हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो, तो आमच्या स्वयंपाकघरात घडला.

संवत्सरीनंतरच्या आठवड्यात अँटवर्पच्या एका नातलगांकडून गोळ्या-चॉकलेटचे पुडके आले. आपल्या घरांतील रिवाजाप्रमाणे मुलांच्या हाती देण्यापूर्वी धाकट्या सूनबाई वेष्टनावरील घटक वाचीत होत्या. त्यात ‘ई १२०’ हा आकडा दिसताच त्यांनी ते पुडके बाजूस ठेविले. हा आकडा किड्यापासून काढलेल्या लाल रंगाचा, हे आता आपल्या बहुतेक घरांतील मुलांनाही ठाऊक असते. आमची नात तेथेच होती. ती म्हणाली, “काकू, हाच रंग गालाला लावायच्या डब्यातही असतो असं आमच्या वर्गातली मुलगी म्हणत होती.” सूनबाईंनी आपल्या लग्नात भेट आलेला डबा आणून उलटा केला. घटकांच्या ओळीच्या अगदी शेवटी इंग्रजी सी व आय ही अक्षरे आणि पुढे ७५४७० हा आकडा होता. “बाबा, दोन वर्षं मी हे लावून देवदर्शनाला जात होते,” एवढेच त्या आम्हांस म्हणाल्या. आणि तोच डबा, त्याच कंपनीचा, आमच्या दुकानात तीन डझन शिल्लक होता.

सी.आय. ७५४७० म्हणजे कार्माइन. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचा एक कीटक पोसला जातो. त्याच्या माद्या वेचून, मारून, वाळवून त्यांतून हा रंग काढतात. एक किलो वाळलेल्या मालास सुमारे दीड लाख कीटक लागतात. मेक्सिकोतील मूळ रहिवाशांची ही विद्या सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेली आणि तेथील सरदारांच्या झग्यांपासून बायकांच्या गालांपर्यंत तिचा संचार झाला. आपल्या देशाशीही तिचा एक विचित्र संबंध आहे. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत हा उद्योग येथे रुजविण्याच्या आशेने कीटक आणले गेले. परंतु आले ते त्याचे दुसरेच भाऊबंद. त्यांपासून रंग हलका निघाला आणि निवडुंगाचा मात्र त्यांनी फडशा पाडला. व्यापारात नमुना न तपासता खेप उचलल्याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस माहीत नाही.

मौजेची गोष्ट अशी की, हाच रंग वेष्टनावर कधी ‘क्रिमझन लेक’, तर कधी ‘नॅचरल रेड ४’ या नावाने येतो. ‘नॅचरल’ शब्द वाचून आपल्या भगिनी निश्चिंत होतात, आणि ज्या खणात गिरणीच्या रसायनांसारखे कृत्रिम रंग आहेत त्यास नाक मुरडतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सी.आय. ७७४९१ हा लोहाचा लाल ऑक्साइड, म्हणजे आपल्या गेरूचाच कारखान्यात तयार केलेला शुद्ध अवतार; सी.आय. १५८५०, ४५४१० किंवा ७३३६० हे प्रयोगशाळेत जन्मलेले लाल-गुलाबी रंग. यांच्या निर्मितीत कीटक मरत नाही. वनस्पतीचा लाल रंगही होता: करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग संगजिऱ्यात खलून पूर्वी लाली करीत. परंतु तो उन्हात उडतो. कापडावरून जसा हटला तसाच गालावरूनही हटला. कार्माइन मात्र उजेडात टिकतो आणि त्याची निळसर गुलाबी छटा इतर रंगांस सहज साधत नाही, म्हणून उत्पादक त्यास सोडावयास तयार नसतात.

आता एकरंगी डबीपेक्षा अनेक खणांच्या डब्याचा दोष येथे कसा वाढतो, ते पाहावे. एकरंगी डबीवरील घटकांची यादी त्या एकाच रंगाची असते. कार्माइन आहे की नाही, याचा तेथेच निकाल लागतो. सहा खणांच्या डब्यावर मात्र पुष्कळदा सहांची मिळून एकच यादी छापतात आणि रंगांपुढे अधिक-उण्याचे चिन्ह घालून ‘असू शकते’ असा शेरा मारतात. विटकरी खण केवळ लोहाच्या रंगाचा असेल आणि शेजारचा गुलाबी कार्माइनचा. किंवा त्या डब्यात कार्माइन मुळीच नसून त्याच मालिकेच्या दुसऱ्या डब्यात असेल. घेणारी सांगू शकत नाही, विकणारा सांगू शकत नाही. ‘असू शकते’ या दोन शब्दांवर आपण कापडाचा एक ताका तरी उचलू काय?

श्रावकाच्या सातव्या, भोगोपभोग परिमाण व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, आणि त्यांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, स्पष्टपणे वर्ज्य धरला आहे. लाख हा कीटकाचाच स्राव, तिचा लाल रंग अळित्यात वापरीत, आणि तो मिळविताना असंख्य जीव जातात, हे पूर्वाचार्यांनी पाहिले होते. कोचिनीलचे नाव तेथे नाही, कारण तो कीटक तेव्हा समुद्रापलीकडे होता. परंतु लाखेचा विचार ज्यास पटतो त्यास हा विचार पटण्यास फार वेळ लागू नये. आमच्या एका व्यापारी स्नेह्यांनी यावर असे म्हटले की, आपण काही कीटक मारीत नाही, आपण केवळ डबा विकतो. लाखेचा व्यापारीही लाख झाडावरून खरवडीत नव्हता. तरी निषेध वाणिज्याचाच केलेला आहे. त्यावर स्नेही हसले आणि त्यांनी चहा मागविला. मतभेद तसाच राहिला.

ओघात आलेली एक गोष्ट येथेच सांगतो. घरातील ज्या स्त्रिया रोज चौदा नियम धारतात, त्यांत विलेपनाचीही मर्यादा असते. आमच्या वहिनींनी विचारले की, सहा रंगांचा डबा हे एक विलेपन मोजावे की सहा? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हा डबा घेणाऱ्या प्रत्येकीने तो स्वतःस एकदा विचारावा इतका तो मार्मिक आहे.

कायद्याचा आधार किती, हेही सभासदांस ठाऊक असावे. खाद्यपदार्थांच्या पुड्यांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका सक्तीचा झाला. सौंदर्यप्रसाधनांवरही तशी खूण असावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. तो २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आज अनेक उत्पादक आपण होऊन ठिपका छापतात, पुष्कळ छापीत नाहीत. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटकांची यादी द्यावी लागते खरी, परंतु ३० ग्रॅमहून कमी घन मालाच्या पुड्यास त्यातून सूट आहे. आणि लालीचे डबे बहुधा त्याहून हलकेच असतात. म्हणजे जेथे यादी छापलेली दिसते तेथे ती पुष्कळदा उत्पादकाच्या सौजन्यामुळे असते. अमेरिकेत याउलट, कार्माइनमुळे काहींस तीव्र अ‍ॅलर्जी होते असे आढळल्यावर, ५ जानेवारी २०११ पासून खाद्यपदार्थ व प्रसाधने या दोहोंवर त्याचे नाव छापणे सक्तीचे करण्यात आले. म्हणून निर्यातीचा माल करणाऱ्या कंपन्यांच्या डब्यांवर माहिती अधिक सापडते.

सशाच्या चित्राने फसू नये. ‘क्रुएल्टी-फ्री’ याचा अर्थ प्राण्यांवर प्रयोग केलेले नाहीत एवढाच. आपल्या देशात प्रसाधनांचे असे प्रयोग व तसे प्रयोग केलेल्या मालाची आयात २०१४ सालीच बंद झाली आहे. सशाचे चित्र असलेल्या डब्यात कार्माइन असू शकतो. ‘वीगन’ असे स्पष्ट लिहिले असेल तर प्राणिज घटक नाहीत असा उत्पादकाचा दावा समजावा. डब्यासोबत येणाऱ्या कुंचल्याकडेही लक्ष द्यावे; बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे कुंचले या धंद्यात वापरले जातात, आणि नायलॉनचेही मिळतात. त्यांतील फरक विचारल्यावाचून कोणी सांगत नाही.

चार रस्त्यावरच्या हातगाडीवर शंभर रुपयांस मिळणारे बारा खणांचे डबे हा प्रश्न निराळा. त्यांवर उत्पादकाचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, परदेशी असल्यास आयात नोंदणीचा क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही. प्रसाधनाच्या रंगात शिसे दहा लाख भागांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक नसावे, असा नियम आहे. ज्या डब्यास मायबापच नाही त्याची तपासणी कोणी केली असणार? असा माल आपल्या कोणाही सभासदाच्या दुकानात नसावा, इतकेच येथे म्हणतो.

आमच्या तीन डझन डब्यांचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही ते विक्रीतून काढले आणि पुरवठादारास पत्र लिहिले की, प्रत्येक खणाची वेगळी घटकयादी मागवून द्यावी. त्यांनी प्रथम दूरध्वनीवर सांगितले की, “शेठ, आजवर कोणी असे विचारले नाही.” नंतर ज्या चार कंपन्यांचा माल आम्ही ठेवतो, त्या चौघींना विचारणा गेली. दोघींनी खणवार याद्या पाठविल्या; त्यांपैकी एकीच्या सर्व मालिकेत कार्माइन नाही, दुसरीच्या सहांपैकी एका गुलाबी खणात आहे. तिसरीने केवळ ‘आमचा माल नियमांनुसार आहे’ असे उत्तर धाडले. चौथीचे, म्हणजे त्या तीन डझनांच्या कंपनीचे, उत्तर अद्याप आलेले नाही, आणि डबे परत घेण्यासही नकार आहे. त्यांची किंमत आम्ही वर्षाच्या खात्यात नुकसान म्हणून लिहिली. रक्कम फार मोठी नाही, परंतु लिहिताना हात अडखळला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुकानात सूनबाईंनी आता एक वही ठेवली आहे. तीत कंपनीचे नाव, डब्याचे नाव, खणाचा रंग आणि त्यापुढे त्यातील रंगद्रव्याचा क्रमांक, अशी नोंद असते. अजून दहा-अकरा पानेच भरली आहेत. गिऱ्हाईक जैन असो वा नसो, विचारल्यास वही उघडून दाखवितात. बारडोली, व्यारा, नवापूर येथील दोन-तीन दुकानदारांनी तिची प्रत मागितली आहे. ज्या सभासद बंधु-भगिनींकडे अन्य कंपन्यांच्या अशा खणवार याद्या असतील, त्यांनी त्या संघाच्या कार्यालयात पोहोचवाव्यात, अशी नम्र विनंती आहे. लग्नसराईचा माल दिवाळीनंतर लगेच भरावा लागतो. तत्पूर्वी वही निदान पंचवीस पानांची व्हावी, असा सूनबाईंचा आग्रह आहे.